मच्छिंद्ररावांचा स्वतंत्र सर्व्हर

बियाण्यांच्या व्यापारात वर्षाचे भवितव्य एका सकाळी ठरते. मच्छिंद्रराव उढाण यांच्या जालना एमआयडीसीतील कंपनीत कपाशीच्या वाणाची नोंदणी मे महिन्यातील नेमलेल्या दिवशी दहा वाजता उघडत असे. चार जिल्ह्यांतील सहाशे दुकानदार त्या क्षणी संकेतस्थळावर येत, आणि जो आधी नोंदवील त्याला माल, असा नियम होता. गेल्या वर्षी दहा वाजून चार मिनिटांनी संकेतस्थळ बंद पडले. दुकानदारांनी तक्रार केली नाही. दुपारी ते टेंपो घेऊन फाटकाशी उभे राहिले, एवढेच.

गोदाम सांभाळणारे धाकटे बंधू अंगद यांनी त्या दिवशी नोंदणीची जुनी वही फडताळातून काढली, ती पुन्हा आत ठेवलीच नाही.

"यंदा बंद पडलं तर वही," ते कल्याणीला म्हणाले.

हे संकेतस्थळ कल्याणीने तीन वर्षे खपून उभे केले होते. वही परत आली की तिची नोकरी संपणार, हे दोघांनाही समजत होते.

दोष संकेतस्थळ ठेवलेल्या जागेचा होता. शेकडो संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर नांदत, आणि ज्याला जेवढी ताकद ओढता येईल तेवढी तो ओढी. फेब्रुवारीत कल्याणीने दोन पर्याय मांडले.

"पहिला व्हीपीएस. मोठं यंत्र एकच, पण आत भिंती घातलेल्या. आपल्या खोलीतली ताकद आपलीच, शेजाऱ्याला तिथे हात घालता येत नाही. नोंदणीच्या आठवड्यात खोली मोठी करून घ्यायची, नंतर लहान. दुसरा डेडिकेटेड. अख्खं यंत्र आपल्या एकट्याचं, पण करार वर्षाचा, आणि अकरा महिने ते नुसतं बसून राहील."

"शेजारी कोन हाय?" मच्छिंद्ररावांनी विचारले.

"ते कळत नाही, भाऊ."

"म्हंजे सामाईक विहीर."

"सामाईक विहिरीत भिंती नसतात."

"कागदावर असतेत. चार आणे हिस्सा बराबर लिवलेला होता आमचा. चुलत्यानं मोठी मोटार बसवली. मंग कागद आमच्याकडं अन् पानी त्याच्याकडं."

ते प्रकरण अंबडच्या कोर्टात अकरा वर्षे चालले. निकाल उढाणांच्या बाजूने लागला, तेव्हा विहीर आटून दोन वर्षे झाली होती. तेव्हापासून हिश्शाची कोणतीही वस्तू मच्छिंद्ररावांना नको असे. कल्याणीने चार पानी टिपण लिहून दिले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले, नीट घडी घालून ठेवले आणि स्वतंत्र सर्व्हरच्या करारावर सही केली.

यंत्र मुंबईला असल्यामुळे त्याला हार घालता येत नाही, ही त्यांची एकमेव खंत होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी त्याचे छायाचित्र मागवून कचेरीत, जांबेहून आणलेल्या समर्थांच्या तसबिरीच्या खालोखाल लावले. येणाऱ्या प्रत्येकास ते दाखवून सांगत, "आपलं एकट्याचं हाय. अकरा महिने रिकामंच ऱ्हातं."

पाडव्याला चुलतभाऊ कडूबा आला. त्याचे वधूवर सूचक मंडळ होते.

"रिकामंच हाय तर माझं एका कोपऱ्यात टाका की, भाऊ. चार फोटो तर हेत."

यंत्र रिकामे असल्याची द्वाही मच्छिंद्ररावांनीच फिरवली होती. नकाराला जागा उरली नव्हती. मागोमाग मेव्हण्याचे ठिबकचे दुकान आले. शेवटी द्वारकाबाई आत्या आल्या. त्यांच्या गावच्या सप्ताहाची कीर्तने पुण्याला गेलेल्या लेकी-जावयांना दिसावीत, अशी त्यांची इच्छा होती.

"देवाचं काम हाय, मच्छिंदर."

कल्याणीने प्रत्येक वेळी हरकत घेतली आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर ऐकले, "घरचेच हेत, ताई."

नोंदणीला आठ दिवस उरले असता तिने सहाशे खोट्या नोंदी एकदम सोडून चाचणी घेतली. तिसऱ्या मिनिटाला सर्व्हर आडवा झाला. त्या वेळी आत्यांच्या गावचे कीर्तन अकराशे लोक पाहत होते, आणि कडूबाच्या चार फोटोंचे सात हजार झाले होते.

"यातच मी भिंती घालू शकते," ती म्हणाली. "प्रत्येकाला मोजून ताकद."

"घरच्या घरात भिंत? आत्याला काय सांगू?"

अंगदरावांनी कोपऱ्यातून विचारले, "दादा, कोर्ट सुटल्यावर आपण सोताची विहीर खांदली. तिच्यात आज कोनाकोनाचे पाइप हेत?"

मच्छिंद्ररावांनी बोटे मोजली आणि नवव्या बोटावर थांबले. "पान्याला न्हाई म्हनता येत नसतं."

"मी कुठं म्हनलो, येतं म्हनून?"

मग मच्छिंद्ररावांनी खुर्ची कल्याणीकडे वळवली.

"त्या भिंतीवाल्या खोलीत कोनी पाइप टाकतो म्हनला, तर?"

"जागा भाड्याची आहे आणि बेताची आहे, असं सांगायचं. खोटं ठरणार नाही."

"मालकी आपली न्हाई?"

"बिलकुल नाही."

"बिलकुल न्हाई," त्यांनी दोनदा म्हणून पाहिले. दुसऱ्या वेळी त्यांना ते बरे वाटले असावे.

कल्याणीचा समज असा झाला की आता नातेवाइकांना बाहेर काढायचे. या कल्पनेने मच्छिंद्रराव चकित झाले.

"त्येंना कसं काढनार? आपण निघू."

त्याप्रमाणे कंपनी व्हीपीएसच्या खोलीत राहायला गेली. नेमल्या दिवशी दहा वाजता सहाशे दुकानदार आत आले आणि दहा चाळीसला माल संपला. फाटकाशी एकही टेंपो आला नाही. अंगदरावांनी वही फडताळात ठेवली. मात्र हाताशी येईल अशा वरच्या खणात ठेवली. कल्याणीने ते पाहिले आणि पुढील वर्षीच्या चाचणीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिली.

दुपारी आत्यांचा फोन आला.

"मच्छिंदर, तुझं बिऱ्हाड त्या यंत्रावून उठलं म्हनं. कोनी तरास दिला का?"

"न्हाई, आत्या. आमी आता भाड्यानं ऱ्हातो."

"सोताचं असून?"

"व्हय."

"मंग तिथं तुझी जागा मोकळी झाली आसंल."

मच्छिंद्ररावांनी भिंतीवरच्या छायाचित्राकडे पाहिले. खोटे बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

"झाली, आत्या," ते म्हणाले. "कोनाला पाहिजे?"