ढिगाऱ्याजवळची गल्ली

बडनेऱ्याला गाडीतून उतरल्यावर इनायतुल्लाने ऑटोवाल्याला घराचा पत्ता सांगितला, तो वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आला होता तसाच. "वलगाव रोडनं चाल. मशिदीच्या पुढं कचऱ्याचा मोठा ढिगारा लागते, तिथून डावीकडं."

ढिगारा सांगितला की कोणी चुकत नसे. आधी वास यायचा, मग कुत्री दिसायची, मग गल्ली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत गेला तरी इनायतुल्लाला घर शोधायला कधी त्रास झाला नव्हता. गाद्या आणि रजया भरण्यात त्याचा जन्म गेला होता. शेवटची काही वर्षं सुईत दोरा ओवायला, गिऱ्हाईक कोण आलं ते सांगायला, रस्ता ओलांडायला त्याची बायको खातूनबी लागायची. मग अकोल्याच्या लेकीने, अमरीनने, हट्टाने त्याला आपल्याकडे नेलं. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. अख्खा हिवाळा तिथेच गेला. मुलगा इमरान रविवारी न्यायला येणार होता, पण इनायतुल्लाला करमेना. जावयाने त्याला शुक्रवारीच गाडीत बसवून दिलं. घरी फोन करू नको, असं त्याने लेकीला बजावलं होतं. आता मला सगळं दिसतं, हे त्याला खातूनबीसमोर अचानक उभं राहून दाखवायचं होतं.

ऑटो मशिदीच्या पुढे गेला आणि रेंगाळला.

"ढिगारा कुठं हाय, चाचा?"

इनायतुल्लाने मान बाहेर काढली. ढिगारा नव्हता. वासही नव्हता. एका भिंतीवर कडुलिंबाचं मोठं झाड रंगवलेलं होतं, त्यावर पोपट. भिंतीखाली जुन्या टायरांना पिवळा, निळा रंग देऊन त्यांत झेंडू लावले होते. मधे एक सिमेंटचं बाकडं होतं.

"थोडं पुढं असंन," तो म्हणाला.

पुढे काहीच नव्हतं. ऑटोवाल्याने दोनदा गाडी वळवून आणली. शेवटी इनायतुल्ला म्हणाला, "उतरव इथंच. जातो मी पायी." ऑटो निघून गेला आणि पिशवी हातात घेऊन तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

दिसत सगळं होतं. तारेवरचा कावळा दिसत होता, समोरच्या दुकानाची पाटी वाचता येत होती. पण यातलं काही आपलं आहे असं वाटेना. तो बाकड्याच्या बाजूच्या गल्लीत शिरला. घरं ओळखीची असावीत असं वाटलं, पण त्याच्या आठवणीत ती धुरकट होती आणि इथे प्रत्येक दाराला रंग होता, प्रत्येक खिडकीला गज. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी असा रंगीत बगीचा कधीच नव्हता. तो अर्ध्यातून परत फिरला.

तेव्हा त्याला थोरल्या भावाची आठवण आली. म्हातारपणी तो एकदा स्वतःच्याच दारात उभा राहून विचारत होता, हे घर कोणाचं? मग पुढे त्याने कोणालाच ओळखलं नाही. इनायतुल्ला बाकड्यावर बसला आणि मनातल्या मनात स्वतःची परीक्षा घेऊ लागला. लेकीचं नाव अमरीन. पोराचं इमरान. सुनेचं कहकशाँ. आज शुक्रवार. सगळं बरोबर येत होतं. मग घर का सापडेना? कोणाला विचारायचं तर काय विचारायचं? मी राहतो कुठं, असं?

गल्लीतून एक बाई बादली घेऊन आली आणि टायरांतल्या झाडांना पाणी घालू लागली. साडीवर नारिंगी जाकीट, पाठीवर महापालिकेचं नाव. तिने त्याच्याकडे दोनदा पाहिलं.

"कोनाकडं जायचं हाय, बाबा?"

इनायतुल्लाला खरं बोलायचा धीर झाला नाही. "इनायतुल्ला गादीवाल्याकडं," तो म्हणाला.

"हे काय, तिसरं घर. पन ते तं इथं नाही. अकोल्याले हायेत, पोरीकडं. डोयाचं ऑपरेशन झालं त्याईचं."

घर इथेच आहे हे ऐकून त्याला हायसं वाटलं. पण आपण अकोल्याला आहोत हे ती इतक्या खात्रीने सांगत होती की आपण खरंच परत आलो ना, म्हणून त्याने पिशवीतलं अकोल्याच्या चष्म्याचं घर चाचपून पाहिलं.

"तुमी ओळखता त्यायले?"

"मी कुठून ओळखू? मी आताच लागली इकडं. आमच्या बचत गटाले हा वार्ड देल्ला. ओला कचरा, सुका कचरा कसा वेगळा ठेवाचा, ते घरोघरी सांगाचं असते. गोदाबाई मायं नाव. त्याईच्या बायकोले मातर चांगली ओळखतो. ती रोज इथं बसते ना."

"कुठं?"

"हे तुमी बसले तिथंच."

इनायतुल्ला उभाच राहिला. खातूनबी दारात उभी राहायची तीसुद्धा पडद्याआडून. किराण्याच्या दुकानातही ती कधी एकटी गेली नव्हती. ती रस्त्यावरच्या बाकड्यावर रोज बसते? मग हा इनायतुल्ला दुसराच कोणी असणार. या शहरात आणखी एक इनायतुल्ला असेल, तोही गाद्या भरत असेल, त्याचेही डोळे गेले असतील. हे काही पटण्यासारखं नव्हतं, पण दुसरं त्याहून कमी पटत होतं.

"नाव काय तिचं?" त्याने भीतभीत विचारलं.

"खातूनबी. ते पाहा, आलीच."

गल्लीतून एक म्हातारी बाई येत होती. डोक्यावर पदर, हातात पंखा, पायांत जाडसर बूट. चाल ओळखीची होती. चेहरा जवळ आला तसा तो पाहतच राहिला. तिच्या कपाळावर एवढ्या रेषा कधी पडल्या? गालावरचा तीळ तेवढा जुना होता.

खातूनबी थांबली. "या अल्ला! तुमी? तुमी तं परवा येनार होते!"

"खातून," तो म्हणाला, "हे आपलंच घर हाय ना? हीच गल्ली ना?"

तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याला खाली बसवलं. गोदाबाईने जीभ चावली. "बाप्पा! मी त्यायलेच सांगून राहिली का ते अकोल्याले हायेत!"

पाणी पिऊन झाल्यावर खातूनबीने सगळं सांगितलं. तो गेल्यावर काही दिवसांनी महापालिकेची मोठी मशीन आली. दोन ट्रक भरून ढिगारा उचलून नेला. याआधीही नेला होता, पण लोकांनी आठवड्याभरात पुन्हा उभा केला होता. या वेळी महापालिकेच्या साहेबांनी गल्लीतल्या सगळ्यांना गोळा केलं. झाडं लावतो, भिंत रंगवतो, घंटागाडी रोज दारात येईल, म्हणाले. पण काही दिवस इथे कोणीतरी बसून लक्ष ठेवायला हवं. कोण बसेल? सगळे एकमेकांकडे पाहत राहिले.

"अन् मी म्हनलं, मी बसतो."

"तू कावून?"

खातूनबीने पंखा बाकड्यावर ठेवला. "मले नाही माहीत. तोंडातून निंगून गेलं. तुमी नोते घरी. सकायी उठून सुईत दोरा ओवाले बसो, तं सुई कोनाची? कोनाले हात धरून न्याचं? दिवसभर मी भिंतीकडं पाहून राहो. इथं बसली का लोक बोलते, शिव्या देते, हसते. दिवस निंगते."

"अन् फोनवर सांगतलं नाही?"

"काय सांगू? कचऱ्याच्या जागी बसून राहिली म्हनू? तुमी म्हनले असते, घरात जाय."

म्हणालो असतो, हे इनायतुल्लाला ठाऊक होतं. आता मात्र त्याला चांगलं वाटत होतं आणि कुठेतरी टोचतही होतं. आपले डोळे बरे झाल्याची बातमी तो केवढी मोठी समजून घेऊन आला होता. आता दोरा तो स्वतः ओवेल, रस्ता स्वतः ओलांडेल. मग खातूनबी त्याच्याजवळ बसणार कशाला? याचं सुख मानायचं की दुःख?

तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या एका कारची काच खाली झाली आणि गाठ मारलेली पिशवी झेंडूवर येऊन आपटली. कार थांबली नाही. पिशवी फुटली. खातूनबी ओरडत चार पावलं कारमागे धावली, मग परत येऊन खाली बसली. गोदाबाईने हिरवी आणि निळी बादली आणली. भाताची शितं, केळीची सालं, तेलकट कागद, फुटक्या बांगड्या, गोळ्यांचं रिकामं पाकीट. इनायतुल्लाही वाकला.

"वाकू नका!" खातूनबी ओरडली. "डॉक्टरनं नाही म्हनलं ना? बसा तिथं. बसल्या बसल्या सांगा."

तो बाकड्यावर बसून सांगू लागला. "ते साल हिरव्यात. बांगडी निळ्यात."

"काच वेगळी ठेवाची, चाचा," गोदाबाई म्हणाली. "आमच्या बायांचे हात कापते."

"अन् चहा सांडला त्या कागदाचं काय? तो ओला हाय का सुका?"

खातूनबीने गोदाबाईकडे पाहिलं. गोदाबाईने कागद उलटापालटा केला. "भिजला तं हाय," ती म्हणाली, "पन आतून प्लास्टिकची पन्नी लावली हाय त्याले. थांबा, उद्या साहेबाले विचारतो." तिने तो कागद बाजूला ठेवला.

उन्हं उतरली. गोदाबाई बादल्या आत ठेवायला गेली, खातूनबी हात धुवायला. "येतोच मी, तंवर पाहा," ती जाताना म्हणाली. इनायतुल्ला ताठ बसून राहिला. येणारेजाणारे त्याच्याकडे बघत होते आणि आपण चेहरा कडक ठेवावा की साधा, ते त्याला ठरवता येत नव्हतं.

इतक्यात एक मोटारसायकल वळणाशी हळू झाली. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, हँडलला फुगलेली पिशवी. त्याने पिशवीला हात घातला तसा इनायतुल्ला उठला आणि दोन्ही हात पसरून आडवा झाला.

"ओ भाऊ! इथं नाही! घंटागाडी सकायी येते! घरी ने वापस!"

मोटारसायकल करकचून थांबली. पिशवी फाटली आणि संत्री रस्त्यावर घरंगळत गेली. चालवणाऱ्याने हेल्मेट काढलं. तो इमरान होता.

"अब्बा?"

हात धुऊन आलेली खातूनबी गल्लीच्या तोंडाशी पदर तोंडाला लावून हसत होती. इमरानने संत्र्यांकडे पाहिलं, मग बापाकडे, मग आईकडे.