हिरवं काही नको

नियम माझाच होता. कॉमेंट्रीला बसणाऱ्याने काळा ब्लेझर घालायचा, आत साधा शर्ट, आणि अंगावर हिरवं काही नको. का, तर मागे हिरवा पडदा असतो. कॉम्प्युटर तो हिरवा रंग खाऊन टाकतो आणि तिथे गेमचं मैदान दाखवतो. तुम्ही हिरवा शर्ट घातलात तर तुमचं पोटच गायब! आम्ही जळगावातून मोबाइल गेमच्या स्पर्धा लाइव्ह दाखवतो. आम्हाला कोणी गल्लीतलं समजू नये, एवढाच माझा हट्ट.

डिंपल आमची कॉमेंटेटर. सावद्याची पोरगी. बोलायला लागली की ऐकणारा गेम सोडून तिलाच ऐकत बसतो. नुकतंच लग्न होऊन ती फैजपूरला गेली. सासूबाई, सुमनबाई, तिला पाठवायला का-कू करत होत्या, तेव्हा मीच त्यांच्या ओट्यावर चहा पिऊन आले. "माझ्या जबाबदारीवर पाठवा," म्हटलं. म्हणायला काय जातं! त्या म्हणाल्या, "एक फायनल पाहू, मंग ठरवू."

ती फायनल आज होती, धुळ्याची टीम विरुद्ध रावेरची.

दुपारी रंगीत तालीम सुरू झाली. डिंपलने जोशात हात वर केला आणि स्क्रीनवर तिचा पंजा मनगटापासून सुटून हवेत तरंगायला लागला. मधे नुसतं मैदान. लग्नाचा हिरवा चुडा! दोन्ही हातांत गच्च. ब्लेझरची बाही ओढून पाहिली, पण हात हलला की चुडा बाहेर. पुण्याहून आलेला स्पॉन्सरचा माणूस खो खो हसला. "मॅडम, हे जरा प्रोफेशनल वाटत नाही," म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी जात्याच फटकळ, त्यात चारचौघांत अपमान. कॅमेऱ्यावरचा बुद्धभूषण काहीतरी सांगायला लागला, "ताई, पडदा..." मी म्हटलं, "तू तुझा कॅमेरा बघ. मला शिकवू नकोस."

डिंपलला बेसिनपाशी नेलं. साबण लावला, तेल लावलं. काचेच्या बांगड्या त्या, नीट मापाच्या भरलेल्या, निघतात कुठल्या! ती म्हणाली, "ताई, राहू द्या ना. आई बघणार आहेत." मी म्हटलं, "नाटकं नकोत, लाइव्ह जायचंय." तिचा हात धरला आणि बेसिनच्या काठावर आपटला. एकेक करून सगळ्या. उजव्या मनगटावर थोडं रक्त आलं, ते मीच पुसलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मॅच मात्र तिने काय रंगवली! रावेर हरता हरता जिंकलं तेव्हा आमचा अख्खा हॉल उभा राहिला. पण पूर्ण वेळ तिने हात टेबलाखाली ठेवले होते. फक्त रावेर जिंकलं तेव्हा एकदाच टाळीला वर आले आणि झटकन खाली गेले. मी मॉनिटरसमोर बसून तेवढंच बघत होते. मॅच रावेरने कशी मारली, विचाराल तर मला सांगता येणार नाही.

संपल्यावर बुद्धभूषण वायरी गुंडाळत म्हणाला, "मागच्या खोलीत निळा पडदा आहे, ताई. हिरवा काढून तो लावला असता तर बांगड्या दिसल्या असत्या. तेच सांगत होतो."

मला तिथल्या तिथे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मनात स्वतःलाच म्हटलं, अगं शिल्पा, पडदा बदलायचं सुचलं नाही तुला आणि पोरीचा चुडा बरा सुचला!

तेवढ्यात डिंपलचा फोन वाजला. ती कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात म्हणाली, "नाही हो आई, मीच काढल्या. टोचत होत्या." मग माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक. "आई तुमच्याशी बोलायचं म्हणतात."

"मॅडम," सुमनबाई म्हणाल्या, "शेजारपाजारच्या साऱ्या बाया घरात बोलावल्या व्हत्या पाह्यले. पोरीचे हात उघडे दिसले अन् एकेक जन उठून गेली. डिंपल म्हने, तिनंच काढल्या. आसं आसंल तर तिनं आता घरीच बसावं. तुम्ही खरं सांगा. बांगड्या वाढवल्या कोनं?"

सवाष्णीची बांगडी फुटली असं आपल्यात म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. एवढ्या संतापातही बाईंनी सुनेसाठी तो शब्द सांभाळला होता. स्पॉन्सरचा माणूस शेजारीच उभा होता. डिंपल मान हलवून मला 'नको, नको' करत होती.

"मी फोडल्या," मी म्हटलं. "तिचा हात धरून. ती नको म्हणत होती."

मला वाटलं, आता शिव्या येतील. आल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या.

"उद्या नव्या भरते मी तिले," त्या म्हणाल्या. "बोलते चांगलं पोरगी, तिचं काम नाही सुटनार. पुढच्या मॅचले येईल ती. पन मी येईन तिच्यासंगं. तुमच्यासंगं एकटी नाही सोडनार."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले.