प्रचाराच्या गाडीतले बाबा

बाबा गेल्याला महिना होत नाही तोच पक्षाचे सचिव दारात उभे राहिले. अंत्ययात्रेतच हार घालून झाला होता, फोटो काढून झाले होते. म्हणजे आता काहीतरी काम असणार, हे मुलीने खुर्ची पुढे करतानाच ओळखलं.

थेट जनतेतून होणाऱ्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतून पक्षाने ऐनवेळी आपला उमेदवार मागे घेतला होता आणि माजी गृहमंत्र्यांना पाठिंबा दिला होता. याच गृहमंत्र्यांच्या पोलिसांनी एका मोर्चात बाबांचा गुडघा फोडला होता. तेव्हापासून जिना चढताना बाबा पायरीगणिक त्यांचा उद्धार करत. कालचा वैरी आज सोयरा झाला होता, आणि वऱ्हाडात कुणालाही अवघडल्यासारखं वाटत नव्हतं.

"वहिनी, दादांचा आवाज गाडीवर लावावा म्हणतोय," सचिव आईला म्हणाले. "त्याच्याशिवाय गाडी मुकी वाटते हो."

बाबा म्हणजे पक्षाचा भोंगा. हे त्यांचं स्वतःचंच म्हणणं. प्रत्येक निवडणुकीत प्रचाराच्या गाडीतून त्यांचाच आवाज फिरायचा. उमेदवार बदलला की पुन्हा रेकॉर्डिंग कशाला, म्हणून अलीकडे त्यांनी एक युक्ती काढली होती. "आपल्या हक्काचा माणूस, आपल्या घरचा माणूस" म्हणून श्वासभर थांबायचं, मग "यांनाच प्रचंड मतांनी विजयी करा!" मधल्या जागेत साउंडवाल्याने कुणाच्या तरी आवाजात नाव भरायचं. नाव पक्षाच्याच माणसाचं असणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आपल्या या काटकसरीचं त्यांना कोण कौतुक!

"नाही," मुलगी म्हणाली.

"ताई, दादा असते तर त्यांनी पक्षाचा आदेश मानला असता."

"बाबा असते तर तुम्ही जिन्याखालूनच परत गेला असता."

सचिव हसले. "तेही खरंच. पण निष्ठा म्हणजे निष्ठा. आम्हाला तरी काय गोड लागतंय? नाक दाबून गिळतोय."

"मग तुमचाच आवाज लावा. नाक दाबलेला."

आई इतका वेळ चष्मा पुसत बसली होती. "गाडी आपल्या रस्त्यावरून जाईल ना?" तिने विचारलं.

"रोज, वहिनी. सकाळ-संध्याकाळ."

"मग लावा."

सचिव गेल्यावर मुलगी म्हणाली, "आई, अगं, कुणाचं नाव घालणार आहेत ते बाबांच्या तोंडी!"

"त्यांच्या तोंडी कुठे? नाव दुसराच घेणार."

"लोकांना एकच ऐकू येणार."

"लोकांनी ऐकायचं ते ऐकावं. तुला तुझी पुस्तकं आहेत, नोकरी आहे. या घरात मला भांड्यांशिवाय दुसरा आवाज उरलेला नाही गं."



गाडी पहिल्यांदा आली तेव्हा मुलगी कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयासमोर उभी होती. गुडघा फुटला त्या दिवशी तिथल्याच न्हाव्याने बाबांना खांद्यावर टाकून दवाखाना गाठला होता. शेवटची दाढीही त्यानेच केली, आणि करताना लहान मुलासारखा रडला.

आपल्या हक्काचा माणूस, आपल्या घरचा माणूस, बाबा म्हणाले. मग कुण्या कोवळ्या घशाने माजी गृहमंत्र्यांचं नाव घेतलं. यांनाच प्रचंड मतांनी विजयी करा.

खुर्चीतलं गिऱ्हाईक तोंडाला साबण असतानाच खिदळलं. "मेल्यावर पक्ष बदलणारा पहिलाच म्हणायचा!"

न्हावी हसला नाही. वस्तरा तसाच हातात धरून तो दारात आला. "शेवटी दादाही त्यातलाच निघाला?" त्याने मुलीला विचारलं. विचारताना त्याचा चेहरा असा होता की, तिने नाही म्हणावं म्हणून तो हात जोडेल.

ती तडक रस्त्यावर गेली आणि गाडीसमोर आडवी उभी राहिली. ड्रायव्हर जुना, घरातल्यासारखा. त्याने काच खाली केली.

"बंद करा ते."

"करतो की, ताई. माझ्याही जिवावर आलंय. सचिवांना सांगतो, मशीन बिघडलं." त्याने बटणाकडे हात नेला. "करू ना?"

तिने वर पाहिलं. आई बाल्कनीत आली होती. केस घाईघाईने सारखे केलेले, कठड्यावर इतकी वाकलेली की भीती वाटावी. ती खाली कुणाकडेच बघत नव्हती. डोळे मिटून ऐकत होती.

"ताई?"

मागे न्हावी उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

"हळू चालवा," ती म्हणाली. "आमच्या घरासमोर जरा थांबवा."

ती वळली तेव्हा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा फिरवू लागला होता. त्यानंतर त्याने तिला कधी ओळख दाखवली नाही.