सातव्या मजल्यापर्यंत

“तू फार केलंस हो आईचं,” हिशेबखात्यातली बाई माझा हात धरून म्हणाली. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबली होती, पहारेकऱ्याने जाळीचं दार सरकवून धरलं होतं, पण ती उतरायला तयार नव्हती. “अशी लेक मिळायला नशीब लागतं. मावशी कायम सांगायच्या.”

“बाई, माझा हात भरून आला,” पहारेकरी म्हणाला.

“भरू दे. मावशींचा नाही कधी भरला, इतक्या वर्षांत.”

“त्यांचा कसा भरेल? त्यांचं तोंड चालू असायचं. हात त्याच्या मागनं आपोआप चालायचा.”

दोघं हसले आणि माझ्याकडे बघून गप्प झाले. बाईने माझ्या मुलीच्या गालाला हात लावला आणि ती उतरली.

आई गेली त्याला महिना होत आला होता. ‘तू फार केलंस’ हे वाक्य या महिन्यात मी बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. माणूस गेल्यावर बोलायचं म्हणून लोक काहीतरी बोलतात, त्यात माहिती अशी काही नसते, असं मी धरून चालले होते.

सात मजल्यांच्या त्या कचेरीत आईने तेवीस वर्षं लिफ्ट चालवली. सगळी इमारत तिला लिफ्टमावशी म्हणायची. वर यंत्राच्या खोलीशेजारी तिचं एक छोटं कपाट होतं, ते रिकामं करून द्या, असा निरोप आला होता. मुलीच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. घरी एकटं ठेवावंसं वाटत नव्हतं. महिनाभर ती धड झोपत नव्हती. कधीही उठून बघावं तर डोळे उघडे. विचारलं की म्हणायची, “काही नाही.” आजीची लाडकी होती, घरात आम्ही तिघीच, त्यामुळे हे व्हायचंच, असं मी मनाशी म्हटलं होतं.

आईचं बोलणं मजल्यांच्या मापाने चाले. दुसऱ्या मजल्यावर उतरणाऱ्याला दोन मजल्यांएवढी गोष्ट मिळायची. दार उघडलं की ती वाक्य अर्ध्यावर सोडायची आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस आत शिरला की “तर मी काय म्हणत होते” असं म्हणून नेमकं तिथून पुढे न्यायची. चुकायची नाही. सातव्या मजल्यावरच्यांना मात्र एका खेपेत सगळं कळायचं. इमारतीत काही खरं-खोटं करायचं असलं की लोक म्हणत, सातव्यावर जाऊन विचारा.

मी तिच्या उलट. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते. नळाचं पाणी बाटल्यांतून येतं, त्यात काय आहे ते मी शोधते आणि आकडे लिहिते. दिवस दिवस बोलायची वेळ येत नाही. आई माझी ओळख करून देताना म्हणायची, “ही माझी बारीक अक्षरातली लेक. जवळ धरून वाचावी लागते.”

चौथ्या मजल्यावर टपाल वाटणारा शिपाई आत आला. काखेत लखोट्यांचा गठ्ठा होता. मला ओळखून त्याने तो दुसऱ्या काखेत घेतला.

“ताई, त्या नळीच्या तपासणीच्या दिवशी तुमचे फार हाल झाले ना? सकाळपासून तुम्ही बाहेर उभ्या. मावशी सांगत होत्या, माझ्या पोटात नळी आणि लेकीच्या डोळ्यांत पाणी. बघणाऱ्याला कळेना, आजारी कोण.”

“कधीची गोष्ट?” मी विचारलं.

“उन्हाळ्यातली. शाळांना सुट्टी होती तेव्हाची. तुम्ही विसरलात होय?” तो जरा ओशाळला. “विसरलेलंच बरं म्हणा.”

मी आईला कुठल्याही तपासणीला नेलं नव्हतं. थंडीच्या सुरुवातीला ती याच लिफ्टमध्ये बसल्या जागी कोसळली, मला कामावर फोन आला, आणि दवाखान्याच्या बोळात डॉक्टर म्हणाले, बरंच पसरलंय, आधी काहीच लक्षात आलं नाही का? मी नाही म्हणाले. मुलगी तेव्हा शाळेत होती. पाच दिवसांत सगळं संपलं.

उन्हाळ्यापासून आई वाळत चालली होती, हे मला दिसलं होतं. मी विचारलंही होतं. “जिन्याने चढते हल्ली,” ती म्हणाली होती. “लिफ्टवालीने जिना चढू नये असं कुठं लिहिलंय?” जिने चढून वजन उतरतं. दिसत होतं त्याला ते कारण पुरेसं होतं. मी पुढे गेले नाही.

शिपायाचा कुणा दुसऱ्याशी घोटाळा झाला असेल, असं आधी मनात आलं. मग मी मुलीकडे पाहिलं. लिफ्टच्या भिंतीवर किती माणसं आणि किती वजन ते लिहिलेली पत्र्याची पट्टी होती. मुलगी ती पट्टी वाचत होती. दोन ओळींची पट्टी, पण तिचं वाचून संपत नव्हतं.

सातव्या मजल्यावर ती माझ्या हातातली किल्ली घेऊन कपाटाकडे गेली. मला नकाशेवाल्या काकांनी हाक मारली. खिडकीपाशी उतरतं टेबल, त्यावर ताणून बसवलेला कागद, आणि मागे डोळ्यांवर चष्मा चढवून बसलेले ते. आईच्या बोलण्यात त्यांचा उल्लेख रोज असायचा. भेटत मी पहिल्यांदाच होते.

“बस,” ते म्हणाले. “खालच्यांना ती तुकडे द्यायची. मला पूर्ण.”

मी बसले.

“डॉक्टर म्हणाले, पोट उघडून बघू, पण भरवसा देत नाही. मग तुम्ही दोघी घरी आलात. स्वयंपाकघरात बसलात. तू म्हणालीस, आई, तुला काय हवंय? ती म्हणाली, जमेल तोवर लिफ्ट चालवायचीय. नळ टपकत होता म्हणे. तू उठलीस, तो घट्ट बंद केलास, परत येऊन बसलीस आणि म्हणालीस, बरं.” काकांनी पेनाचं टोक फडक्याने पुसलं. “माझ्या बायकोच्या वेळी मला नाही जमलं ते. मी तिला या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरवली. शेवटी ती माझ्याशी बोलेनाशी झाली. बरं म्हणायला छाती लागते, पोरी.”

आमच्या स्वयंपाकघरातला नळ खरंच टपकतो. मी खरंच मध्येच उठून तो घट्ट करते, कुणी काही सांगत असलं तरी. तेवढं सोडून काकांनी सांगितलेलं काहीच घडलं नव्हतं. तिने तो प्रसंग बसल्या जागी रचला होता, त्यात मला नेऊन बसवलं होतं, आणि सात मजले वर नेता येईल असा नीट करून लोकांना सांगितला होता. त्यातली लेक विचारते, ऐकून घेते, बरं म्हणते.

काका माझ्या बोलण्याची वाट बघत होते. हे असं झालंच नाही, एवढं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं.

“चहा घेणार का?” त्यांनी विचारलं.

“नको, काका. मुलगी थांबलीय.”

कपाट म्हणजे भिंतीतला एक कप्पा होता. मुलगी खाली फरशीवर मांडी घालून बसली होती. शेजारी पिशवीत आईच्या सपाता, कंगवा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा. स्वेटर तिच्या मांडीवर होता. ती त्याची घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती.

“उन्हाळ्यात आजीबरोबर दवाखान्यात तू गेली होतीस,” मी म्हणाले.

पलीकडच्या खोलीत यंत्र घरघरलं आणि थांबलं.

“तिने शपथ घातली होती.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, तुझ्या आईला सांगितलं ना, की ती माझ्याशी बोलायचं सोडेल आणि माझ्यावर काम करायला लागेल.” तिने स्वेटरची बाही सरळ केली. “डॉक्टरांनी विचारलं, बरोबर मोठं कोणी आलंय का? तर आजी म्हणते कशी, ही काय, माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. ते हसले. मग त्यांनी सगळं माझ्यासमोरच सांगितलं. मला अर्धं कळलं नाही. बाहेर आल्यावर आजीने आइस्क्रीम घेऊन दिलं. मी खाल्लं, आई.”

“असू दे.”

“मी रोज ठरवायचे, आज सांगू. तू आलीस की आजी माझ्याकडे बघायची. रागावून नाही. नुसती बघायची.” मग तिने मान वर केली. पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. “मी तेव्हाच सांगितलं असतं तर?”

या प्रश्नाचं बरोबर उत्तर मला माहीत होतं. सांगता येत नाही, हे ते उत्तर. काही महिने मिळाले असते, किंवा नसते मिळाले, किंवा मिळालेले महिने दवाखान्यात गेले असते. हाती आहे त्यावरून निष्कर्ष निघत नाही, असं मी कामावर लिहिते आणि खाली सही करते. तिथे ते कुणाला टोचत नाही. ही ते घेऊन जन्मभर जागी राहिली असती.

“तू सांगायची गरज नव्हती,” मी म्हणाले. “मला माहीत होतं.”

“काय?”

“आजीचं. उन्हाळ्यापासून.”

“कसं?”

“तिचं वजन उतरत होतं. पानातलं निम्मं टाकत होती. एका घरात राहून मला दिसणार नाही का?” शब्द सरळ बाहेर आले. आवाजही बदलला नाही. “मग तिनेच सांगितलं. स्वयंपाकघरात बसलो होतो. ती म्हणाली, दवाखाना नको, मला लिफ्ट चालवायचीय. मी बरं म्हणाले.”

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या सांगण्यात काही सैल आहे का, ते ती शोधत असावी. सापडलं नाही. मी तिच्याशी आजवर खोटं बोलले नव्हते. तो साठा असा एका वेळी कामी आला.

तिचे खांदे खाली आले. तोंड जरासं उघडलं. मला वाटलं, आता रडेल आणि मोकळी होईल.

“म्हणजे तुला माहीत होतं,” ती हळूहळू म्हणाली, “आणि मला माहितीये हेपण माहीत होतं?”

मी तेवढा पुढचा विचार केला नव्हता. “हो,” म्हणाले.

“मी शाळेतून रोज पळत यायचे. दार उघडलं आणि ती पडलेली असली तर, म्हणून. वर्गात मला काही सुचायचं नाही. आणि तू बघत होतीस? माझी मजा बघत होतीस?”

“मजा नाही.”

“मग काय? मला एकदा सांगायचं होतंस ना, की मलाही माहितीये म्हणून. एकदाच.” तिचा आवाज चिरला. “आणि तिला काही केलं का नाहीस? तुला सगळं कळतं. तू शिकलेली आहेस. ती नको म्हणाली म्हणून नको? तू तिला मरू दिलंस.”

पलीकडे काकांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“दिलंस ना?”

“ती नको म्हणाली,” मी म्हणाले. “मी बरं म्हणाले.”

तिने स्वेटर घडी न करताच पिशवीत कोंबला, पिशवी छातीशी धरली आणि उठली. “माझ्याशी बोलू नकोस,” ती म्हणाली आणि जिन्याकडे गेली. तिची पावलं जोरात वाजत खाली उतरत गेली.

मी कप्पा हाताने चाचपून पाहिला, कुलूप लावलं, किल्ली काकांच्या टेबलावर ठेवली. ते कागदावर वाकलेले होते. त्यांनी मान वर केली नाही, त्याबद्दल मला बरं वाटलं.

“पोरगी जिन्याने गेली वाटतं,” लिफ्टमध्ये पहारेकरी म्हणाला.

“हो.”

“रागावलीय?”

“हो.”

त्याने पुढे विचारलं नाही. दार ओढून घेतलं.

मुलगी बाहेर बसथांब्यावर उन्हात उभी होती, माझ्याकडे पाठ करून. बस आली. ती माझ्या आधी चढली आणि दोघांच्या बाकावर एका अनोळखी बाईशेजारी जाऊन बसली, म्हणजे मला जागा राहू नये. मी दोन बाकं मागे दांडीला धरून उभी राहिले. पिशवीच्या तोंडातून स्वेटरची बाही बाहेर लोंबत होती. ती तिने आत सारली. तिच्या मानेवरून कळत होतं, ती माझ्यावर मनापासून रागावली होती. हा राग किती दिवस टिकेल, मला ठाऊक नव्हतं. खरं काय ते कधी सांगायचं की सांगायचंच नाही, तेही ठरलेलं नव्हतं.

बाजाराच्या वळणावर तिची मान एकदा कलली आणि झटक्याने सरळ झाली. परत कलली. तिसऱ्यांदा कलली ती शेजारच्या बाईच्या खांद्यावरच राहिली. पिशवीवरची पकड सुटली, तशी त्या बाईने पिशवी हाताने सावरली आणि मागे वळून पाहिलं. मी पुढे सरकले होते.

“तुमची का?” तिने हलक्या आवाजात विचारलं.

“हो.”

“मग तुम्ही बसा ना इथे. मी उठते.”

“नको,” मी म्हणाले. पुढचं अनोळखी माणसाला सांगायची मला सवय नाही. “भांडण झालंय आमचं. महिनाभर झोपली नाहीये ती.”

बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. मुलीचं तोंड उघडं पडलं होतं, लहानपणी पडायचं तसं.

आमचा थांबा आला. दोघं उतरले, तिघं चढले, बस हलली.

“मला अजून पुष्कळ लांब जायचंय,” ती बाई म्हणाली, आणि तिने आपला खांदा जरासा खाली केला.