पेटीतली झुंबरबाई

शाळेला टेपरेकॉर्डर मिळाला त्या दिवशी लताबाई घरी चालत गेल्या नाहीत, तरंगत गेल्या. पाचोऱ्याजवळच्या त्या गावातल्या हायस्कुलात तोवर यंत्र म्हणावं असं एक घड्याळ होतं, आणि तेही सव्वादहावर हट्ट धरून बसलेलं. साल अठ्ठ्याऐंशी. भुसावळला रेल्वेत लागलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने शाळेला माइकसकट टेपरेकॉर्डर भेट दिला. मुख्याध्यापक पितांबर सरांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. नवी वस्तू कपाटातच शोभते, असं सरांचं प्रामाणिक मत होतं.

लताबाईंनी किल्लीसाठी सरांचा पिच्छा पुरवला. "सर, मुलांना यंत्र वापरायला शिकवायचं तर ते हातात द्यावंच लागेल. काही झालं तर माझी जबाबदारी." जबाबदारी दुसऱ्याची म्हटल्यावर सरांनी किल्ली ताबडतोब काढून दिली.

आठवीच्या वर्गाला त्यांनी अगदी मन लावून शिकवलं. ओले हात लावायचे नाहीत. कॅसेटची फीत बोटाने ओढायची नाही. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबलं की आवाज भरला जातो, नुसतं शेजारचं दाबलं की ऐकू येतो. उन्हात ठेवायचा नाही, धुळीत ठेवायचा नाही, धाकट्या भावंडांच्या हाती तर मुळीच द्यायचा नाही. मग गृहपाठ दिला. पाळीपाळीने टेप घरी न्या आणि घरातलं एखादं गाणं भरून आणा. सगळ्यांत छान असेल ते स्नेहसंमेलनात लाउडस्पीकरवर लावू.

भाईदासची पाळी आली तेव्हा त्याच्या घरी बहिणीच्या लग्नाचे पापड चालले होते. पापड लाटायला गल्लीतल्या बाया जमल्या की हात पोळपाटावर आणि तोंड विहिणीवर. होणाऱ्या जावयाची आई किती खाते, कशी घोरते, याची गाणी जागच्या जागी रचली जातात. लग्नात तीच गाणी तिच्या तोंडावर म्हणायची, तिने पदर खोचून तितकंच तिखट उत्तर द्यायचं, आणि जी जास्त हसवेल तिची सरशी. रागावली तर तिचंच हसं. या कामात झुंबरबाईचा हात धरणारी बाई गावात नव्हती. झुंबरबाई म्हणजे भाईदासची मोठमाय, त्याच्या वडिलांची थोरली वहिनी.

भाईदासने टेप गव्हाच्या कोठीमागे ठेवला, वर गोधडी टाकली, माइक तेवढा बाहेर काढला, बटणं दाबली आणि पसार झाला. सांगितलं तर बाया लाजतील आणि गाणं बिघडेल, असा त्याचा हिशेब. बाईंनी शिकवलेला एकही नियम त्याने मोडला नव्हता.

लताबाईंनी कॅसेट ऐकली आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मूळच्या जळगावच्या, पिंप्राळ्यात वाढलेल्या. खेड्यातलं हे रांगडं गाणं त्यांना इतकं आवडलं की पहिला नंबर त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकला. गाणाऱ्या बाईला विचारावं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

संमेलनाच्या दिवशी नवरदेवाची आई केसरबाई बांगड्या भरायला गावात आली होती. भाईदासच्या वडिलांनी मोठ्या मानाने तिला मांडवात पुढच्या रांगेत बसवलं. आणि कर्ण्यातून झुंबरबाईचा खणखणीत आवाज सुटला, विहीण आली ती गाडी मोडूनच आली म्हणून:

"इहीन उनी, इहीन उनी, गाडी मोडी उनी वं,
पातेलंभर भात खादा, उपाशी ऱ्हायनी वं!
केसरबाई घोरस तव्हय गोठा हालस वं,
गाय म्हने म्हशीले, आते कुठे जाऊत वं!"

मांडवातले पुरुष खो खो हसले, मग कोण केसरबाई ते कळल्यावर सगळ्या माना पुढच्या रांगेकडे वळल्या. केसरबाई लालबुंद. आठवीला बटणं शिकवणाऱ्या बाईंना त्या घटकेला बंद करायचं बटण सापडेना. बायांच्या घोळक्यातून झुंबरबाई उठली, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि चालती झाली. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन लताबाई आणि पितांबर सर केसरबाईच्या गावी गेले. लग्न मोडलं तर काय, या धास्तीने बाईंची रात्र डोळ्याला डोळा न लागता गेली होती. सर वाटेत तेवढी त्यांना जबाबदारीची आठवण करून देत होते.

केसरबाईने चहा दिला. "गानं माले लागनं नही, बाई. विहीणले गानं म्हनतीनच. पन माले उत्तर देता उनं नही. तुमनी पेटीले तोंड शे, कान नही. मी कोनले बोलू?" मग बशी खाली ठेवून तिने विचारलं, "आनि जिनं गायं, तिले तुम्ही इचारेल व्हतं का?"

"नाही," लताबाई म्हणाल्या. लग्न शाबूत होतं. चुकलं होतं ते भलतीकडेच.

संध्याकाळी त्या भाईदासला घेऊन झुंबरबाईकडे गेल्या. ती ओट्यावर तूर पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

"बाया बायामा गायेल गानं बठ्ठा गावना मानसंनी आयकं. माले कोनी इचारं? लगनमा मी आते गावाव नही. मन्हा आवाज तुमनी पेटीमा शे, तिलेच मांडवमा बसाडा."

भाईदासच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ताईच्या लग्नात मोठमाय गाणार नाही? मग ते लग्न कसलं? लताबाईंनाही भरून आलं. यंत्राला जपायचं त्यांनी इतकं शिकवलं, आणि त्यात सापडणाऱ्या माणसाला जपायचं शिकवायचंच राहिलं.

"चूक पोराची नाही, अक्का, माझी आहे," त्या म्हणाल्या. टेपरेकॉर्डर त्यांनी झुंबरबाईपुढे ठेवला. "आवाज तुमचा आहे. ठेवायचा की पुसायचा, ते तुम्ही सांगा."

भाईदासने बटण दाबलं. झुंबरबाईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला. सूप हातातच राहिलं.

"हाई मी?" ती पुटपुटली. चेहऱ्यावर हसू येऊ लागलं, पण तिने ते पदराआड दाबलं. गाणं संपलं तशी म्हणाली, "पुस."

भाईदासने आशेने बाईंकडे पाहिलं. असं गाणं पुन्हा मिळणार नव्हतं. बाईंनी टेपकडे बोट दाखवलं. मग त्याने फीत मागे नेऊन दोन्ही बटणं एकदम दाबली आणि गाण्यावर शांतता भरली जावी म्हणून तिघंही गप्प बसून राहिली. तेवढ्यात ओट्याखालून एक कोंबडी आली, माइकपाशी थांबली आणि मनसोक्त बोलून गेली.

"आते आयकाड," झुंबरबाई म्हणाली. पुसलं गेल्याची तिला खात्री हवी होती. टेपमधून आधी नुसती शांतता आली, मग कोंबडी. झुंबरबाई खळखळून हसली.

"हाई कोंबडीले तरी इचारं व्हतं का रे?"

लग्नात गाईन, असं मात्र ती काही म्हणाली नाही.

सोमवारी लताबाईंनी फळ्यावर यंत्राच्या नियमांच्या वर, सगळ्यांत पहिला म्हणून नवा नियम लिहिला: ज्याचा आवाज, त्याला आधी विचारा, भरल्यावर त्यालाच आधी ऐकवा, तो पुस म्हणाला तर पुसा. मग मुलांनी एकमेकांना विचारून पाहिलं. निम्म्यांनी साफ नकार दिला, आणि नकार ऐकून घेणं पोरांना बटणांपेक्षा जड गेलं.

लग्नाच्या दिवशी झुंबरबाई मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती, तोंड मिटून. दुसऱ्या बाया गायल्या, पण रंग भरेना. केसरबाई समोर वाट पाहून कंटाळली आणि शेवटी ओरडली, "काय वं, पेटीमाच गास का तू?"

झाली ठिणगी! झुंबरबाईने पदर खोचला. तिने असा सूर लावला की आचारी झारा हातात घेऊन पाहायला आला. भाईदास टेप घेऊन धावत आला, पण तिच्यासमोर येऊन थांबला.

"मोठमाय, दाबू का?"

झुंबरबाईने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. विचारलं म्हणून तिचा चेहरा फुलला होता.

"आज नको. आज आयक."

भाईदासने टेप बंदच ठेवला आणि तिच्या पायाशी मांडी घालून बसला. केसरबाईने कडव्याला कडवं दिलं आणि भरात येऊन लताबाईंवरच घसरली:

"मास्तरीनबाई, मास्तरीनबाई, पेटी लई उनी वं,
बटन काही सापडे ना, घाबरी घाबरी गयी वं!"

मांडव हसून लोळला. सगळ्यांत मोठ्याने लताबाई हसल्या. ते कडवं त्यांना अजून तोंडपाठ आहे, पण कुठल्याच कॅसेटमध्ये ते सापडणार नाही.