चौदा नंबरचा दोष

गाडी बंद पडली की आधी चालवणाऱ्याला चार शब्द सुनावायचे आणि मग बॉनेट उघडायचं, अशी माझी पनवेलातल्या गॅरेजमधली पंचवीस वर्षांची सवय. त्यामुळे गव्हाणच्या दाजींची नवी, कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणारी इंजेक्शनची गाडी दसऱ्यानंतर चारच दिवसांनी रुसली, तेव्हा मी बोलून मोकळा झालो. "पोरगी क्लचवर पाय ठेवून चालवते. दुसरं काय होणार?"

पोरगी म्हणजे दाजींची मनिषा. रोज गाडी घेऊन पनवेलला बी.एड.ला यायची. गावातून एसटी दोनच, त्याही ड्रायव्हरच्या मनात आलं तर. गाडी गेली की कॉलेज गेलं, इतका सरळ मामला.

आठ दिवसांत मी प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. कार्ब्युरेटर असता तर डोळे मिटून लावला असता, पण या गाडीत मेला तो नाहीच. गाडी गरम झाली की काळा धूर सोडून बंद पडायची आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला. दर खेपेला माझं आपलं एकच पालुपद: क्लच.

शनिवारी दाजी स्वतः आले, सोबत मनिषा.

"बास झाला," ते म्हणाले. "पोरीच्या हाताला गारी सोसत नाय. सोमवारपासून चावी मितेशकडं."

मितेश तिचा धाकटा भाऊ. दहावी नापास, पण गाडीचा भारी शौक.

मनिषा भांडली नाही. वाशीहून कुणाकडून तरी झेरॉक्स करून आणलेली गाडीच्या पुस्तकाची इंग्रजी पानं तिने पिशवीतून काढली. "काका, हिचा कॉम्प्युटर दोष स्वतःच सांगतो. या दोन पिना वायरने जोडायच्या आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं."

"दिव्याला विचारूनच गाड्या दुरुस्त व्हायला लागल्या तर मी पानाची टपरी टाकतो," मी म्हणालो. पण वायरचा तुकडा दिला. दाजी बघत होते ना.

तिने पिना जोडून चावी फिरवली. दिवा एकदा लागला, थांबला, मग चारदा लागला. पुन्हा तसंच. तीन वेळा मोजून तिने पानावर बोट ठेवलं. "चौदा. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. इंजिन तापलं तरी कॉम्प्युटरला ते थंडच वाटतं, म्हणून तो पेट्रोल ओतत राहतो."

दाजींनी हात पुढे केला, तशी चावी काढून तिने त्यांच्या हातात दिली. मी वाकून त्या सेन्सरची वायर उपटली. आतल्या पिना हिरव्यागार, चिकट, आणि एका पिनेला नारळाच्या शेंडीचा तंतू.

दसऱ्याला सगळे चाकापुढे नारळ फोडतात. मी बॉनेट उघडून त्याचं पाणी थेट इंजिनावर ओततो, वडिलांची रीत म्हणून. जुन्या गाड्यांना त्याने कधी काही झालं नाही. दाजींची गाडी नवी, मानाची, म्हणून तिच्यावर दोन नारळांचं ओतलं होतं.

"पोरीचीच चूक ना?" दाजींनी विचारलं.

तंतू चिमटीत चुरगाळून टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. गव्हाणच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे येतात आणि गावात बातमी पसरायला काय वेळ लागतो? मनिषा बापाच्या मुठीतल्या चावीकडे बघत होती.

"नाही दाजी, माझी," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

दाजी म्हणाले, "आनि आठ दिस तू तिला बोल लावलास." चावी तिच्या हातात ठेवून ते बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिना घासून सुकवल्या, वायर बसवली, कॉम्प्युटरने जुना दोष विसरावा म्हणून बॅटरी काढून पुन्हा जोडली. दिवा विझला. मनिषाने अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. एकदाही अडखळलं नाही.

"चुकलं माझं, पोरी," मी म्हणालो.

तिने पानांची घडी करून पिशवीत ठेवली. "आठवडाभर गाडी चालवताना मी सारखी पायाकडे बघायचे, काका," ती म्हणाली. "क्लचवर नसायचा. तरी वाटायचं, असेलच."