फीत खिडकीला बांधली होती

मित्रांनो, बारा वर्षं मी एक खिडकी होते. शिक्षकांसाठी बांधलेल्या सरकारी घराच्या स्वयंपाकघराची खिडकी. आज मी दार आहे. माणसांना बढती मिळते ती खुर्चीत बसून. मला मिळाली ती छन्नी-हातोड्याचे घाव सोसून. तेव्हा माझं थोडं ऐकून घ्या.

घर साधंच. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, पडवी. समोर सव्वाशे पावलांवर शाळा. पण बांधताना मुकादमाने नकाशा उलटा धरला. दार आणि पडवी शाळेकडे हवी होती, ती गेली मागच्या खडकाळ चढाकडे, आणि शाळेच्या बाजूला आले मी. गवंड्यांना ते कळलं होतं. डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बायांना तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण त्यांना विचारतो कोण? सरकारी काम!

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. खऱ्या दारापुढे चार माणसं उभी राहतील एवढीही जागा नव्हती, लगेच खडक. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं आणि फीत मला बांधली! पाहुण्यांनी ती कापली, टाळ्या पडल्या, माझ्या शेजारी नावांची पाटी बसली. पाहुण्यांनी मला जरा ढकलून पाहिलं. मी आतून बंद होते. ते गाडीत बसून निघून गेले. एवढ्या गर्दीत एकानेही तोंड उघडलं नाही. त्याचा राग मला अजून आहे.

पहिले गुरुजी मायेचे होते. त्यांनी मला निळा रंग दिला. "खिडकी झकास आहे हो," असं आल्यागेल्याला सांगायचे. पण पावसाळा आला की चढावरचं सगळं पाणी सरळ दारातून घरात. दोन पावसाळे त्यांनी गादी टेबलावर ठेवून काढले. तिसऱ्या वर्षी चपला हातात घेऊन घर सोडून गेले आणि शहरातून बसने येऊ लागले. बसला उशीर, म्हणजे शाळेला उशीर. कुलूपबंद शाळेच्या पायरीवर ताटकळणारी पोरं मी रोज पाहायची. लोक म्हणायचे, "गुरुजींना गाव नको." घर राहण्याजोगं आहे का, हे बघायला कुणी फिरकलं नाही. घरात मोडके बाक आले, माझ्या गजांना कोळ्यांची जाळी लागली.

मग बाराव्या वर्षी गुरुजींच्या जागी नव्या बाई आल्या. सोबत त्यांचे वडील, आप्पा. जन्मभर गवंडीकाम केलेले. आप्पांनी कमरेवर हात ठेवून घराला दोन फेऱ्या मारल्या.

"पोरी, हे घर रुसून बसलंय. तोंड बघ कुठे केलंय!"

"म्हणून मी बसने ये-जा करायची का, आप्पा? पोरं पायरीवर बसून राहणार. दार इथे पाहिजे," म्हणत बाईंनी माझ्याभोवती खडूने रेघ ओढली.

त्यांनी तीन अर्ज केले. उत्तर एकाचंही नाही. पावसाळा तोंडावर आला, तसे एका रविवारी आप्पांनीच हात घातला. माझ्या डोक्यावरच्या लिंटलला, म्हणजे भिंतीचा भार पेलणाऱ्या तुळईला, धक्का न लावता गज कापले, खालच्या विटा एकेक करून सोडवल्या. दुखलं का? दुखलं. त्याच विटा जुन्या दारात रचून त्यांनी पाण्याची वाट बंद केली. सोमवारी बाई माझ्यातून बाहेर पडल्या आणि घंटा वेळेवर वाजली. संध्याकाळी पोरं पाढे म्हणायला माझ्यातूनच आत आली.

अर्जांना न आलेलं उत्तर आता पंधरा दिवसांत आलं. अभियंता साहेब स्वतः नोटीस घेऊन आले.

"शासकीय भिंत फोडलीत, मॅडम. भिंत पूर्ववत करायची आणि आठ दिवसांत घर सोडायचं."

"मंजूर नकाशा आणलाय का, साहेब?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी तो टेबलावर पसरला. आप्पांनी चष्मा लावला, कागद हळूच फिरवून सरळ केला आणि बोट ठेवलं. दारासमोर बाण होता आणि बाणापुढे लिहिलं होतं, 'शाळेकडे'.

"दार नकाशात आहे तिथेच केलंय," आप्पा म्हणाले. "बारा वर्षं उशीर झाला, एवढंच. पण काम नकाशाप्रमाणे झालं म्हणून खाली सही कुणाची आहे हो?"

साहेबांनी घाम पुसला. "माझीच. नवीन होतो तेव्हा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हे आपल्यातच मिटवू. नोटीस फाडतो."

"नको," बाई म्हणाल्या. "तुमच्या जागी उद्या दुसरे साहेब येतील, दुसरी नोटीस आणतील. चूक झाली असं लिहा."

"लिहिलं तर माझं काय होईल?"

"माझीही एक भिंत वाकडी गेली होती, साहेब," आप्पा म्हणाले. "सगळ्यांदेखत पाडली, सरळ बांधली. त्यानंतरच लोक मला मिस्त्री म्हणायला लागले."

साहेबांनी माझ्यातून शाळेकडे पाहिलं. मग नोटिशीच्या पाठीवरच त्यांनी लिहिलं: 'मूळ बांधकामाची दिशा चुकली. तपासणी मी नीट केली नाही. नवे दार योग्य जागी आहे. शिक्षिकेचा ताबा कायम.' खाली सही केली, आणि या खेपेला वाचून केली.

मित्रांनो, रंग द्या, कडीला तेल घाला, एवढी माया तर मला हवीच. पण घर बांधाल तेव्हा त्यात राहणाऱ्याला आधी विचारा, आणि चुकलेलं दिसलं की टाळ्या वाजवू नका, बोला. नावांची ती पाटी अजून माझ्या शेजारी आहे. आप्पा तिच्यावर छत्री अडकवतात. आणि कडी वाजली की मी उघडते.